संगणकातला घरचा वाजंत्री

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

आज मी ज्या विषयावर बोलणार आहे, तो ऐकायला अगदी किरकोळ वाटेल. संगणक विकत घेतला की त्यात गाणी वाजवायला आणि चित्रफिती पाहायला एक प्रोग्रॅम आधीपासूनच बसवलेला असतो. त्याला मीडिया प्लेअर म्हणतात. आपण तो मागितलेला नसतो, दुकानदारानेही तो वेगळा लावून दिलेला नसतो. टीव्हीच्या खोक्यात रिमोट असतो, तसा तो असतोच. नीट चालला तर त्याचे नावही आपल्या लक्षात राहत नाही. पण तो अडून बसला, की डोक्याला ताप होतो आणि मनात पहिला विचार येतो, की हा काढूनच टाकावा. मीही काढायला गेलो होतो. ते मला फार महागात पडले.

माझी आत्या जात्यावरच्या ओव्या म्हणायची. नव्वदच्या दशकात घरच्या टेपरेकॉर्डरवर तिच्या चार कॅसेट आम्ही भरून ठेवल्या होत्या. २००४ साली घरात संगणक आला. त्यात विंडोज एक्सपी होते. भाच्याने टेपरेकॉर्डरच्या इयरफोनच्या भोकातून एक वायर संगणकाच्या मागे जोडली आणि दोन रविवार बसून चारही कॅसेट संगणकात उतरवल्या. शेवटची कॅसेट बाहेर काढताना तिची फीत आत अडकली आणि पार चुरगळली. ‘असू दे मामा, आता संगणकात आहे ना,’ असे तो म्हणाला. मलाही ते पटले.

पुढे दोन-तीन महिन्यांनी प्लेअर अडायला लागला. ओवीच्या फाइलवर दोनदा क्लिक केले, की खिडकी उघडायची, वाळूचे घड्याळ दिसायचे आणि सगळे पांढरेफटक होऊन थांबायचे. मी कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन मीडिया प्लेअरसमोरची खूण काढली. चिन्ह गेले, प्रोग्रॅम मात्र जागच्या जागी. मग त्याच्या फोल्डरमध्ये शिरून मूळ फाइलच पुसली. चहाचा कप तोंडाला लावून खाली ठेवतो, तर फाइल पुन्हा हजर! पुन्हा पुसली, पुन्हा आली. तेव्हा मला ही भुताटकी वाटली होती. खरे कारण साधे आहे. विंडोज आपल्या महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत दुसरीकडे जपून ठेवते आणि कुणी मूळ फाइल पुसली, की ती प्रत गुपचूप जागेवर आणून ठेवते. आपल्यासारख्या उतावळ्यांपासून संगणक वाचवण्यासाठीच ती सोय होती.

पण मी हट्टाला पेटलो होतो. अशा गोष्टी मुळासकट उपटणारा एक प्रोग्रॅम कुणीतरी दिला, तो चालवला. प्लेअर गेला. त्याच्याबरोबर ज्ञानकोशाच्या सीडीतला आवाज गेला, मुलीच्या खेळातला गेला आणि मी नव्याने आणलेला दुसरा प्लेअरही मुका झाला. शेवटी संगणक दुरुस्त करणाऱ्या मुलाला बोलावले. विंडोज नव्याने टाकावे लागेल म्हणाला, आणि सुरू करण्यापूर्वी त्याने रीतसर विचारले, ‘काका, सी ड्राइव्हवर काही महत्त्वाचं नाही ना?’ मी नाही म्हटले. माझ्या समजुतीप्रमाणे सगळे ‘माय डॉक्युमेंट्स’मध्ये होते. ‘माय डॉक्युमेंट्स’ हे सी ड्राइव्हवरच असते, हे मला दुसऱ्या दिवशी कळले. तीन कॅसेट कपाटात होत्या. चौथी, म्हणजे चुरगळलेली, आम्ही दिवाळीच्या साफसफाईत टाकून दिली होती.

भाचा आला तेव्हा त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. प्लेअर बिघडलेला नव्हताच! मासिकांबरोबर त्या काळी फुकट सीडी मिळायच्या. त्यांवरचे ‘कोडेक पॅक’ म्हणून जे काही दिसेल, ते मी संगणकात भरले होते. अशी तीन पॅक झाली होती आणि ती एकमेकांत भांडत होती.

हे कोडेक प्रकरण समजले, की बाकीचे सोपे होते. आवाज किंवा चित्र जसेच्या तसे साठवले तर फार जागा खाते. सीडीवरचे एक मिनिट संगीत सुमारे १० मेगाबाइट होते. म्हणून ते एका विशिष्ट रीतीने दाबून बसवतात आणि वाजवताना त्याच रीतीने उलगडतात. दाबणे-उलगडणे करणारा जो छोटा प्रोग्रॅम, तो कोडेक. एमपी३ ही अशी एक रीत आहे. चित्रफितींमध्ये गोंधळ वाढतो, कारण फाइलच्या नावामागे जे ‘एव्हीआय’ वगैरे लागते, ते नुसते डब्याचे नाव असते. आत पोहे आहेत की लोणचे, हे डब्यावरून कळत नाही. म्हणूनच दोन फाइली नावाने सारख्या असूनही एक चालते आणि दुसरीत नुसताच आवाज येतो.

तेव्हा प्लेअर म्हणजे दिसणारा चेहरा. बटणे, यादी, आवाज कमी-जास्त करायची पट्टी, एवढेच त्याचे. खरे उलगडण्याचे काम त्याच्या मागे बसलेले कोडेक करतात आणि विंडोजमध्ये ते सगळ्यांच्या सामाईक वापरात असतात. मी चेहरा खरवडायला गेलो आणि मागची सामाईक यंत्रणा उखडून बसलो.

नेमका हाच प्रश्न त्याच वर्षी युरोपात मोठमोठ्या वकिलांच्या तोंडी होता, हे मी पुढे वाचले तेव्हा माझे मलाच हसू आले. युरोपीय आयोगाने २४ मार्च २००४ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीला सुमारे ४९ कोटी ७० लाख युरोंचा दंड ठोठावला. त्यात दोन आरोप होते. त्यांपैकी एक असा, की विंडोजबरोबर मीडिया प्लेअर गळ्यात मारल्यामुळे इतर प्लेअर बनवणाऱ्यांना बाजारात जागाच उरत नाही. आयोगाचा मुद्दा नुसत्या प्लेअरपुरता नव्हता. ज्याचा प्लेअर घरोघरी आयता पोहोचतो, त्याच्या रीतीने गाणी विकणारे गाणी दाबून बसवणार आणि मग बाकीच्यांना त्याच रीतीने जावे लागणार, असे त्यांचे म्हणणे. ते मला पटते. रिअलप्लेअर बनवणाऱ्या रिअलनेटवर्क्सनेही २००३ च्या डिसेंबरात कंपनीवर दावा लावला होता. तो २००५ च्या ऑक्टोबरात ७६ कोटी १० लाख डॉलरच्या तडजोडीने मिटला.

आयोगाने ९० दिवसांत प्लेअर नसलेले विंडोज विकायला काढायचा हुकूम दिला. कंपनीने त्याला ‘रिड्यूस्ड मीडिया एडिशन’, म्हणजे ‘काटछाट केलेले’ अशा अर्थाचे नाव सुचवले. असले नाव वाचून कोण घेणार? आयोगाने ते नाकारले आणि शेवटी नुसते ‘एन’ हे अक्षर ठरले. पण या ‘एन’ची किंमत प्लेअरसकट असलेल्या विंडोजएवढीच होती. एकाच भावात भाजीबरोबर कोथिंबीर मिळत असताना कोथिंबिरीशिवायची जुडी कोण उचलेल? संगणक बनवणाऱ्या कंपन्यांनी ती जवळजवळ घेतलीच नाही. लक्झेंबर्गच्या न्यायालयाने १७ सप्टेंबर २००७ रोजी आयोगाचा निर्णय उचलून धरला, तरी बाजारात काही फरक पडला नाही. दक्षिण कोरियानेही २००५ साली अशीच कारवाई केली होती.

‘एन’ जातीचे विंडोज आजही मिळते, अगदी विंडोज ११ सुद्धा. त्यातला माझ्या कामाचा भाग असा, की ते घेणाऱ्यांना कित्येक प्रोग्रॅमांत आवाज किंवा चित्र येत नाही. मग मायक्रोसॉफ्टचाच ‘मीडिया फीचर पॅक’ फुकट उतरवून घ्यावा लागतो. मी जे हट्टाने घरी केले, ते तिथे कायद्याने झाले आणि अडचण तीच आली.

म्हणून प्लेअर आवडत नसेल, तर उपटायच्या मागे लागू नका. त्याच्या शेजारी दुसरा आणून बसवा आणि काम त्याच्याकडे सोपवा. फाइलवर क्लिक केल्यावर कोणता प्रोग्रॅम उघडायचा, याची संगणकाकडे एक यादी असते. तेवढी बदलायची. विंडोज ११ मध्ये ‘सेटिंग्ज’, ‘अ‍ॅप्स’, ‘डीफॉल्ट अ‍ॅप्स’ असे जाऊन एमपी३, एमपी४ अशा एकेका प्रकारासमोर हवा तो प्लेअर नेमता येतो. किंवा फाइलवर माऊसचे उजवे बटण दाबा, ‘ओपन विथ’ निवडा, आणि दर वेळी हाच असे सांगून टाका. जुन्याला कुणी हाक मारली नाही, की तो कोपऱ्यात गप्प बसतो.

एवढे करूनही तो डोळ्यांसमोर नकोच असेल, तर आता सरळ वाट आहे. विंडोज ११ मध्ये दोन प्लेअर असतात. एक नवा ‘मीडिया प्लेअर’ आणि दुसरा जुना, ज्याला ‘लेगसी’ म्हणतात. ‘सेटिंग्ज’च्या शोधायच्या चौकटीत ‘ऑप्शनल फीचर्स’ टाका. त्या यादीत जुना दिसला, तर तिथूनच काढता येतो आणि हवा असेल तर तिथूनच परत आणता येतो. काढल्याने तुमची गाणी जात नाहीत, ती आपल्या फोल्डरमध्ये राहतात. धोका दुसरीकडे आहे. प्लेअरच्या ‘लायब्ररी’तून एखादे गाणे काढायला गेलात, की तो विचारतो, फक्त यादीतून काढू की संगणकातूनही? घाईत दुसरे उत्तर दिलेत, तर फाइल जाते.

नवा कोणता आणावा? माझ्याकडे व्हीएलसी आहे. पॅरिसजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी १९९६ साली सुरू केलेल्या कामातून तो आला आणि २००१ पासून सर्वांना मोफत खुला झाला. रस्त्यावर खोदकाम असले की ठेवतात तो नारिंगी शंकू, हे त्याचे चिन्ह. त्याचे वैशिष्ट्य असे, की तो आपले बहुतेक कोडेक स्वतःच्या पिशवीत घेऊन येतो आणि विंडोजच्या सामाईक कपाटाला फारसा हात लावत नाही. त्यामुळे माझ्यासारखे कोडेक पॅक गोळा करत फिरावे लागत नाही. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, जुन्या प्लेअरमधून डीव्हीडी चालवण्याची सोय काढली गेली. तेव्हा तर पुष्कळांना यानेच हात दिला. मात्र तो घ्यायचा त्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच. २०२२ मध्ये आपल्या देशात ते संकेतस्थळ काही महिने बंद केलेले होते आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात पुन्हा उघडले. इतर कुठून ‘फुकट प्लेअर’ किंवा ‘कोडेक’ म्हणून जे मिळते, त्यात व्हायरस निघाल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत.

आणि प्लेअर बदलण्यापूर्वी एक तपासणी करा. पंधरा-वीस वर्षांपूर्वी सीडीवरची गाणी विंडोज मीडिया प्लेअरने संगणकात उतरवली असतील, तर ती डब्ल्यूएमए प्रकारात असण्याची शक्यता मोठी. त्या वेळी ‘कॉपी प्रोटेक्ट’ची खूण राहिलेली असेल, तर त्या गाण्यांचा परवाना त्याच संगणकात असतो. ती दुसऱ्या संगणकावर वा दुसऱ्या प्लेअरमध्ये वाजणार नाहीत. मूळ सीडी हाताशी असेल, तर ती पुन्हा उतरवून घेणे हा सोपा उपाय.

आमच्या उरलेल्या तीन कॅसेट भाच्याने पुन्हा उतरवल्या. या वेळी एक प्रत संगणकात, एक वेगळ्या डिस्कवर आणि एक त्याच्या घरी. टेप दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थांशी पुढे सहज बोलणे झाले. ते म्हणाले, चुरगळलेल्या फितीवरचा आवाज पुसला जात नाही. हलक्या हाताने ती सरळ करून नव्या कॅसेटच्या कवचात भरली, की थोडी खरखर होते, पण वाजते. तुमच्या घरी अशी एखादी असेल, तर ती टाकू नका.