अठरा पूर्ण झाले, पुढे काय?



वसतिगृहातला एक मुलगा बारावी झाला, अठरा पूर्ण झाले, म्हणून आम्ही प्रार्थना करून त्याला निरोप दिला. दिवाळीनंतर तो स्वतःच्या सहीने उचल घेऊन वीटभट्टीवर गेला. पावसाळ्याआधी परतला, तेव्हा उचल फिटलेली नव्हती. कायद्याने तो सज्ञान होता. सही करण्यापूर्वी सल्ला विचारायला मात्र जवळ कोणी नव्हते. ती चूक माझीही होती.

माणूस एका दिवसात मोठा होत नाही. मतदानाचे वय १९८९ मध्ये २१ वरून १८ झाले. मुलाच्या लग्नाला आजही २१ लागतात. बालगृहातून अठराव्या वर्षी बाहेर पडणाऱ्यांना २१ पर्यंत आधार देण्याची तरतूद २०१५ च्या बालन्याय कायद्यात आहे. गणनेच्या पुस्तकातही लढाईसाठी वय २० आहे, तर लेव्यांच्या सेवेसाठी एके ठिकाणी २५ आणि दुसरीकडे ३०. बाराव्या वर्षी मंदिरात गुरुजनांमध्ये बसलेला येशूसुद्धा आईबापांबरोबर नासरेथला परतला व त्यांच्या आज्ञेत राहिला.

म्हणून निरोपानंतरची तीन वर्षेही आपलीच जबाबदारी समजू या. मंडळीतील एका कुटुंबाने एका मुलाला महिन्यातून एकदा भेटावे, बँकेत किंवा मुकादमाकडे जाताना सोबत करावी. निर्णय त्याचाच असो. पण तो घेताना तो एकटा नसावा.