निवड आपली, भोग कुत्र्याचे

परभणी-नांदेड भागातील लाल कंधारी बैल चटकन ओळखू येतो तो त्याच्या तांबड्या रंगावरून. शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या तसेच वळू निवडले, म्हणून हा रंग टिकला. पण नुसत्या रंगावर शेतकऱ्याचे भागत नाही. बैलाने उन्हातान्हात नांगर ओढला पाहिजे. दुबळा बैल दिसायला कितीही देखणा असला तरी त्याला गिऱ्हाईक मिळत नाही.

घरात हौसेने पाळलेल्या छोट्या कुत्र्याची अशी परीक्षा कोण घेतो? तिथे रंगाला आणि आकारालाच किंमत येते.

‘मर्ल’ हा रंग पाहा. फिकट अंगावर गडद, वेडेवाकडे ठिपके असतात. डॅशहुंड, चिहुआहुआ अशा जातींत तो आढळतो. प्रत्येक पिल्लाला जनुकांच्या जोडीतील एक जनुक आईकडून व एक बापाकडून मिळते. मर्लचे एकच जनुक आले, तर हा रंग दिसतो. मात्र एकेक मर्ल जनुक असलेल्या नर-मादीची जोडी लावली, तर सरासरी चार पिल्लांमागे एकाला अशी दोन जनुके मिळतात. ते पिल्लू बहुधा पांढरे होते, आणि पुष्कळदा बहिरे किंवा अधू दृष्टीचे निघते. असे का? रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी केवळ कातडीत नसतात. आतल्या कानातही असतात. त्या नसल्या की ऐकण्याच्या पेशी मरतात. मर्लची जोडी मर्ल जनुक नसलेल्या कुत्र्याशी लावली, तर हे बहुतांशी टळते.

आता आकार. लहान चणीशी संबंध असलेले ‘आयजीएफ-१’ जनुकातील वेगळेपण २००७ साली उजेडात आले. २०२२ साली याच जनुकाशी निगडित, लहान चणीचे वेगळेपण सुमारे ५४,००० वर्षांपूर्वीच्या लांडग्यातही सापडले! म्हणजे लहानपण माणसाने घडवले नाही, फक्त निवडले. पण सर्वांत लहान नराशी सर्वांत लहान मादी, अशी निवड पिढ्यान्‌पिढ्या चालली की काय होते? गुडघ्याची वाटी सरकते, टाळू भरत नाही, पिल्लांच्या रक्तातील साखर एकाएकी घसरते. मादीची प्रसूतीही अवघड होते.

विद्यार्थी मित्रांनो, पैदास करणारा मागणी पाहून जोड्या लावतो. आणि मागणी आपण करतो. म्हणून पिल्लू घेताना ‘रंग कोणता?’ याआधी ‘याला ऐकू येते का? याचे आईबाप धडधाकट आहेत का?’ असे विचारा. शेतकरी बैल घेताना हेच तर पाहतो.