युद्ध ‘असते’ की कोणी ‘देते’?
(एका जर्मन वाक्याच्या इंग्रजी अनुवादाविषयी)

‘श्टेल डिअर फोर, एस इस्ट क्रीग, उंट काइनर गेट हिन.’ एवढेसे हे जर्मन वाक्य. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ते पश्चिम जर्मनीतील विद्यापीठांच्या भिंतींवर दिसू लागले आणि पुढे शांतता चळवळीच्या फलकांवर जाऊन बसले. त्याचा सरळ अर्थ असा : ‘कल्पना कर, युद्ध आहे आणि कोणीच तिकडे जात नाही.’ हे वाक्य इंग्रजीत सांगायचे झाले, की बहुतेक जण एक तयार वाक्य पुढे करतात : ‘सपोज दे गेव्ह अ वॉर अँड नोबडी केम.’ म्हणजे, ‘समजा, त्यांनी युद्ध दिले आणि कोणी आलेच नाही.’ दोन्ही वाक्यांचा आशय एकच, असे आपण चटकन म्हणून टाकतो. परंतु तो खरोखरच एक आहे काय? प्रस्तुत लेखात मला एवढाच प्रश्न तपासायचा आहे.

जर्मन आणि इंग्रजी या दोन्ही भाषा मी पुस्तकातून शिकलो. घरात त्या बोलणारे कोणी नाही. त्यामुळे या दोन भाषांतले कोणतेही वाक्य मी आधी मराठीत आणून पाहतो. या दोन वाक्यांच्या बाबतीत ही सवय उपयोगी पडली. कारण मराठीत आणताच ती एकमेकांपासून दूर सरकली.

प्रथम त्यांचे नाते पाहू. आपल्याला वाटते, मूळ जर्मन आणि अनुवाद इंग्रजी. प्रत्यक्षात क्रम उलटा आहे. अमेरिकन कवी कार्ल सँडबर्ग यांच्या ‘द पीपल, यस’ या १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या दीर्घकाव्यात एक लहान मुलगी प्रथमच सैनिकांचे संचलन पाहते. हे कोण, हे काय करतात, असे ती विचारते. उत्तर ऐकून थोडा वेळ गप्प राहते आणि मग एक दिवस युद्ध ठेवले जाईल पण कोणी येणारच नाही, अशा अर्थाचे काहीसे बोलून जाते. सँडबर्ग स्वतः १८९८ च्या स्पेन-अमेरिका युद्धात स्वेच्छेने भरती होऊन पोर्तो रिकोपर्यंत गेले होते; प्रत्यक्ष लढाई मात्र त्यांच्या वाट्याला आली नाही. पुढे व्हिएटनाम युद्धाच्या काळात त्यांच्या ओळीतला भविष्यकाळ गळून पडला आणि ‘समजा’ने सुरू होणारे वाक्य अमेरिकेत रूढ झाले. १९७० साली याच शब्दांचे नाव असलेला एक विनोदी चित्रपटही निघाला. जर्मन वाक्य हे या इंग्रजी वाक्याचे अपत्य. म्हणून जर्मन वाक्याचा अनुवाद करताना आपण इंग्रजी वाक्य पुढे करतो तेव्हा मुलाची ओळख करून देताना बापाचेच नाव सांगतो. नाव खोटे नसते. पण मुलगा वेगळा असतो.

आता एकेक शब्द घेऊ. इंग्रजीत ‘दे गेव्ह’ आहे. ‘गिव्ह अ पार्टी’ म्हणतात तशातला हा ‘गिव्ह’. आपण मराठीत ‘जेवण दिले’ म्हणतो ना, तसेच. मेजवानी म्हटली की यजमान आला. मांडव घातला, पंगती मांडल्या, आणि पाहुणेच आले नाहीत. यजमानाची जी फजिती होईल ती इथे युद्ध देणाऱ्यांची होते. ‘ते’ कोण, हे वाक्य सांगत नाही. पण कोणीतरी ‘ते’ आहेत, हे मात्र पक्के सांगते.

जर्मनमध्ये हा यजमानच नाही. ‘एस इस्ट क्रीग’ म्हणजे ‘युद्ध आहे’. ‘एस इस्ट नाख्ट’ म्हणजे ‘रात्र आहे’, ‘एस इस्ट काल्ट’ म्हणजे ‘थंडी आहे’. त्याच घडणीचे हे वाक्य. रात्र जशी कोणी करीत नाही, ती होते, तसे इथे युद्ध आहे. इंग्रजीतले ‘अ’ हे उपपदही जर्मनमध्ये नाही. ‘अ वॉर’ म्हटले की अनेकांपैकी एक युद्ध, ज्याला सुरुवात आहे, शेवट आहे. नुसते ‘क्रीग’ म्हटले की सर्वत्र भरून राहिलेली स्थिती. मराठीत उपपदे नसल्यामुळे ‘युद्ध आहे’ हे शब्द जर्मनशी नेमके जुळतात.

दुसरा फरक ‘येणे’ आणि ‘जाणे’ यांचा. ‘कोणी आलेच नाही’ असे कोण म्हणतो? जो मांडवात उभा राहून वाटेकडे डोळे लावून बसला आहे तो. ‘कोणी गेलेच नाही’ असे कोण म्हणतो? जो आपल्या घराच्या उंबऱ्यात उभा आहे तो. ‘हिन’ म्हणजे तिकडे, बोलणाऱ्यापासून दूर. इंग्रजी वाक्य आपल्याला यजमानाच्या शेजारी उभे करून त्याच्यावर हसायला लावते. जर्मन वाक्य आपल्याला आपल्याच दारात उभे करते.

तिसरा फरक काळाचा आणि संबोधनाचा. ‘सपोज’ कोणालाही उद्देशून असू शकते, आणि पुढचा भूतकाळ हे सारे खरे नाही, कल्पनेतले आहे, हे सुचवतो. जर्मनमध्ये वर्तमानकाळ आहे : युद्ध आहे, कोणी जात नाही. आणि ‘श्टेल डिअर फोर’ याचा शब्दशः अर्थ ‘स्वतःपुढे ठेव’. आपण ‘डोळ्यांपुढे आण’ म्हणतो तसा. यातला ‘डिअर’ हा ‘तू’चा आहे, ‘तुम्ही’चा नाही. भिंतीवरचे वाक्य जाणाऱ्या-येणाऱ्या एकेकाला थांबवून अरे-तुरे करते. इंग्रजीच्या ‘यू’मध्ये हा ‘तू’ बसतच नाही.

हे फरक व्याकरणापुरते नाहीत. ते समजण्यासाठी तेव्हाचा पश्चिम जर्मनी पाहावा लागतो. तिथे १९५६ पासून सक्तीची लष्करी सेवा होती. १९४९ च्या राज्यघटनेने सदसद्विवेकबुद्धीच्या आधारे शस्त्र नाकारण्याचा हक्क दिला होता; पण त्यासाठी अर्ज करावा लागे, आणि बराच काळ मंडळापुढे उभे राहून आपली सदसद्विवेकबुद्धी तोंडी सिद्धही करावी लागे. आपल्या वयाच्या मुलाच्या घरी खरोखरीचे बोलावणे येत होते. त्याच्या दृष्टीने ‘तू’ हा शब्द अलंकार नव्हता. त्यात १२ डिसेंबर १९७९ रोजी ‘नाटो’ने पश्चिम युरोपात नवी मध्यम पल्ल्याची अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रे ठेवण्याचा निर्णय घेतला. १० ऑक्टोबर १९८१ रोजी त्याविरुद्ध बॉन शहरात सुमारे तीन लाख लोक जमले. युद्ध रात्रीसारखे अंगावर उतरेल, ही भीती त्या वर्षांत घराघरांत होती. यजमान गाळून ‘युद्ध आहे’ एवढेच म्हणणारे वाक्य त्या भीतीला शोभत होते.

जर्मन वाक्य स्वतंत्र झाले होते याचा एक पुरावा मला फार आवडला. ४ नोव्हेंबर १९८९ रोजी पूर्व बर्लिनमधील अलेक्झांडर चौकात प्रचंड सभा झाली. त्या दिवसांत हजारो लोक पूर्व जर्मनी सोडून जात होते. लेखिका क्रिस्टा वोल्फ यांनी भाषणात या वाक्यालाच वळण दिले : कल्पना कर, समाजवाद आहे आणि कोणीच सोडून जात नाही. ‘हिन’च्या जागी ‘वेक’, म्हणजे ‘तिकडे’च्या जागी ‘निघून’. एका शब्दाने सारा अर्थ फिरला. आता इंग्रजी अनुवादात ‘नोबडी केम’ ठेवले असेल तर ही कोटी सांगताच येत नाही. ‘गोज’ ठेवले, तरच पुढे ‘गोज अवे’ म्हणता येते.

या वाक्याबरोबर आणखी एक घोटाळा फिरतो. ते नाटककार बेर्टोल्ट ब्रेख्त यांचे आहे, असे पुष्कळ ठिकाणी छापले जाते. आणि ‘मग युद्धच तुमच्याकडे येते’ अशा अर्थाची पुस्ती जोडून त्यापुढे ब्रेख्त यांच्या खऱ्या ओळी दिल्या जातात. ब्रेख्त १९५६ साली वारले. हे वाक्य त्यांचे नाही. जोडलेल्या ओळी कोलोमान वालिश या ऑस्ट्रियन समाजवादी पुढाऱ्यावरील त्यांच्या काव्यातल्या आहेत. वालिश यांना फेब्रुवारी १९३४ च्या उठावानंतर फाशी दिले गेले. त्या ओळींत, आपल्याच हक्काचा लढा इतरांवर टाकून घरी बसणाऱ्याला इशारा आहे. म्हणजे तिथे ‘लढा’ आहे आणि इथे ‘युद्ध’ आहे. दोन्ही एकत्र शिवल्यामुळे युद्धाला न जाण्याचे वाक्य युद्धाला जाण्याचा उपदेश होऊन बसते. संदर्भ बदलला की शब्द न बदलताही अर्थ उलटतो, याचे याहून चांगले उदाहरण क्वचितच मिळेल.

इथवर आल्यावर कोणी म्हणेल, मग जर्मन वाक्यच श्रेष्ठ. मला तसे वाटत नाही, आणि त्याचे कारण आपल्या जवळचे आहे. ‘कोणीच जात नाही’ हे वाक्य जाणाऱ्याला प्रश्न विचारते. जाणारा कोण असतो? दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैन्याची संख्या पंचवीस लाखांच्या घरात गेली, आणि भारतात सक्तीची भरती नव्हती. जर्मन सैन्याशी इटलीत लढताना १० जुलै १९४४ रोजी धारातीर्थी पडलेले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले नाईक यशवंत घाडगे हे आपल्या कोकणातले. ते युद्ध भारतीयांना विचारून पुकारले गेले नव्हते. आजही आपल्याच वर्गातली काही मुले पहाटे मैदानावर धावतात ती भरतीसाठी. त्यांच्या मनात देश असतो आणि घरची चूलही असते. ‘तू गेला नाहीस तर युद्ध होणार नाही’ असे त्यांना सांगणे सोपे आहे; पण पगार आणि मान यांच्या जागी दुसरे काय, हे सांगितल्याशिवाय तो उपदेश पोकळ ठरतो. अशा वेळी इंग्रजी वाक्यातले ते ‘दे’ मला मोलाचे वाटते. ते जाणाऱ्याकडे बोट दाखवीत नाही. मांडव घालणाऱ्याकडे दाखवते.

तेव्हा अनुवादकाने काय करावे? माझ्या अल्पमतीप्रमाणे, जर्मन फलकावरचे वाक्य इंग्रजीत सांगायचे असेल तर ‘इमॅजिन देअर इज वॉर, अँड नोबडी गोज’ असेच सांगावे. ते इंग्रजी कानाला थोडे उघडे वाटते. ‘गोज’नंतर काहीतरी राहिल्यासारखे वाटते. तसे वाटू द्यावे. ‘नोबडी केम’ अधिक गुळगुळीत आहे, पण ते दुसऱ्या देशातले, दुसऱ्या युद्धातले वाक्य आहे. त्याला त्याच्या नावाने, अमेरिकन वाक्य म्हणूनच उद्धृत करावे.

जर्मनीत सक्तीची सेवा २०११ साली स्थगित झाली. युद्धे मात्र स्थगित झाली नाहीत. म्हणून ही दोन्ही वाक्ये शेजारी-शेजारी ठेवावीत, असे मला वाटते. एक विचारते, ‘तू जाशील काय?’ दुसरे विचारते, ‘हे युद्ध दिले कोणी?’ पहिल्या प्रश्नाचे उत्तर ज्याने त्याने आपल्या दारात उभे राहून द्यायचे आहे. दुसऱ्याचे उत्तर मात्र आपण सर्वांनी मिळून मागायचे आहे. आणि ते मागितल्याशिवाय पहिला प्रश्न एकट्या जाणाऱ्याला विचारण्याचा अधिकार आपल्याला पोहोचत नाही.