गुन्हेगारीचा त्याग आणि जुन्या सोबत्यांची हांक

कवठे महांकाळाहून उत्तरेस निघालें कीं अग्रणीचें खोरें हळूहळू मागें पडतें आणि माणदेशाचा उघडा, खडकाळ मुलूख लागतो. या मुलुखांत आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नांवाची एक लहानशी वसाहत आहे. नांव स्वतंत्रपूर, परंतु तेथील कर्ते पुरुष न्यायालयानें दिलेली शिक्षा भोगणारे कैदी होत. त्यांच्याभोंवतीं तुरुंगाची भिंत नाहीं. ते बायकामुलांसह राहतात, शेत कसतात, आणि निसटून जाण्यास अंधाऱ्या रात्रीची देखील गरज नसतां जात नाहींत. ही वसाहत 1939 सालीं स्थापन झाली. तिच्यावरून पुढें एक बोलपट निघाला व तो सातासमुद्रांपलीकडे गाजला. त्या बोलपटाचें खरें मर्म मात्र एका अगदीं निराळ्या इंग्रजी चित्रपटाशेजारीं ठेवून पाहिल्यास अधिक स्पष्ट होतें.

तो इंग्रजी चित्रपट म्हणजे जॉनथन ग्लेझर या दिग्दर्शकाचा ‘सेक्सी बीस्ट’. तो 2000 सालचा. नांव ऐकून सभ्य गृहस्थानें कान झांकावे असें असलें, तरी विषय गंभीर आहे. गॅल डव्ह हा लंडनचा तिजोऱ्या फोडणारा चोर. धंदा सोडून तो स्पेनच्या किनाऱ्यावर पत्नीसह राहावयास गेला आहे. घर आहे, पोहण्याचा हौद आहे, ऊन आहे, एक जुना मित्र व त्याची पत्नी सोबतीस आहेत. चित्रपटाच्या आरंभींच डोंगरावरून एक प्रचंड धोंडा गडगडत येतो आणि गॅलला थोडक्यांत चुकवून हौदांत पडतो. पुढें काय येणार आहे याची ही सूचनाच होय. येतो तो डॉन लोगन. लंडनमध्यें एका बँकेची तिजोरी फोडावयाची आहे, टोळीला गॅल हवा आहे, आणि ‘नाहीं’ हें उत्तर डॉन ऐकूनच घेत नाहीं.

स्पेनच कां, याचें उत्तर इतिहासांत आहे. ब्रिटन व स्पेन यांच्यामधला गुन्हेगार परस्परांच्या हवालीं करण्याचा करार 1978 सालीं संपुष्टांत आला व नवा करार होण्यास 1985 साल उजाडलें. या सात वर्षांत लंडनचे कित्येक दरोडेखोर त्या किनाऱ्यावर जाऊन बसले. इंग्रजी वृत्तपत्रांनीं त्या भागास गुन्ह्याचा किनारा असें उपहासानें नांव दिलें. गॅल हा त्या परंपरेंतला.

डॉनचा वेष बेन किंग्जली या नटानें केला आहे. हाच नट 1982 सालच्या ‘गांधी’ चित्रपटांत महात्माजी झाला होता, हें आठवलें म्हणजे नवल वाटतें. डॉन मारझोड फारशी करीत नाहीं. तो बोलतो. गोड बोलतो, शिव्या देतो, जुन्या आठवणी काढतो, मधेंच गप्प बसतो, पुन्हां तोच प्रश्न विचारतो. शरीरानें धिप्पाड असलेला गॅल या सडपातळ माणसापुढें शाळकरी पोराप्रमाणें चांचरतो. दडपणाचें इतकें बारीक चित्रण पडद्यावर क्वचितच झालें असेल. अखेर डॉनचा शेवट गॅलच्या घरांतच होतो, गॅलच्या पत्नीच्या हातून गोळी सुटते. पण संशय टाळण्याकरितां गॅलला लंडनला जाऊन तो दरोडा घालावाच लागतो. त्याबद्दल टोळीचा म्होरक्या त्याच्या हातावर केवळ 10 पौंड ठेवतो.

आतां प्रश्न असा कीं, गॅल पोलिसांकडे कां जात नाहीं? उत्तर सोपें आहे. त्याचें घर, त्याचा हौद, त्याची फुरसत हीं सारीं चोरीच्या पैशावर उभीं आहेत. तो धंद्यांतून बाहेर पडला, पण कायद्याच्या आंत आला नाहीं. त्याच्या निवृत्तीला कोणी साक्षीदार नाहीं, ती मान्य करणारी संस्था नाहीं. जुन्या सोबत्यांना त्याच्या दाराचा पत्ता ठाऊक आहे आणि शेजाऱ्याला त्याचें खरें नांवगांव ठाऊक नाहीं. अशा माणसावर दडपण आणणें फार सोपें असतें.

माणदेशांत नेमकी उलट मांडणी झाली. औंध हें एक लहान संस्थान. आटपाडी हा त्याचाच भाग. अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि हे चित्रकार व सूर्यनमस्काराचे कट्टे पुरस्कर्ते. एखाद्या राजाला नमस्कारांचें वेड असावें याची त्या काळीं थट्टाही होई. परंतु याच राजानें 1939 सालीं महात्मा गांधींच्या सल्ल्यानें आपली सत्ता प्रजेच्या हवालीं करणारी राज्यघटना दिली, ही थट्टेची गोष्ट नव्हे. पुत्र अप्पासाहेब पंत यांचा त्यांत मोठा वांटा होता. दुसरा वांटा मॉरिस फ्रीडमन या पोलिश इंजिनिअराचा. हा गृहस्थ भारतांत येऊन भारतानंद झाला होता. स्वतंत्रपूरची कल्पना याच मंडळींत आकारास आली. कैद्याला कोंडून ठेवल्यानें तो सुटल्यावर कसें जगावें हें शिकत नाहीं. तेव्हां त्याला जमीन द्यावी, त्याचें कुटुंब जवळ आणावें आणि त्याच्या शब्दावर भरंवसा ठेवावा, असा विचार.

पावसाच्या आशेवर जगणाऱ्या या मुलुखांत जमीन देणें म्हणजे काय, हें कवठे महांकाळच्या शेतकऱ्यास निराळें सांगावयास नको. आज म्हैसाळ योजनेचें पाणी त्या तालुक्यांत खेळतें. त्या काळीं विहिरीला पाणी लागणें हाच नशिबाचा भाग होता. अशा जमिनींतून भाजी पिकविणाऱ्या माणसाजवळ गमावण्यासारखें कांहीं तरी असतें, आणि तें त्यानें स्वतःच्या घामानें मिळविलेलें असतें.

या वसाहतीवरून ‘दो आंखें बारह हाथ’ हा हिंदी बोलपट 1957 सालीं निघाला. कथा ग. दि. माडगूळकर यांची, दिग्दर्शन व्ही. शांतारामांचें. माडगूळकर याच आटपाडी भागांतले. माणदेशची माती व माणसें त्यांना पुस्तकांतून ठाऊक झालेलीं नव्हतीं. आदिनाथ नांवाचा तुरुंगाधिकारी सहा खुनी कैद्यांना घेऊन एका ओसाड माळावर जातो व त्यांच्या हातून भाजीपाला पिकवितो. दोन डोळे त्याचे, बारा हात त्यांचे. माल बाजारांत रास्त दरानें जाऊं लागतो, आणि येथेंच खरें संकट उभें राहतें. बाजार मुठींत ठेवणाऱ्या व्यापाऱ्याला ही स्पर्धा सहन होत नाहीं. तो गुंड पाठवितो. कैद्यांनीं पुन्हां हात उचलावा असा प्रसंग आणला जातो. आणि हात उचलला कीं ते पूर्वींचेच खुनी ठरणार! या झगड्यांत आदिनाथाचा प्राण जातो. बैलाशीं झुंजण्याच्या दृश्यांत शांतारामांच्या डोळ्यांस जबर इजा झाली आणि दृष्टि जाते कीं काय अशी भीति निर्माण झाली होती. सुदैवानें ती वांचली. चित्रपटास राष्ट्रपतींचें सुवर्णपदक मिळालें, व 1958 सालीं बर्लिनच्या महोत्सवांतही तो गौरविला गेला.

दोन्ही चित्रपटांत गुन्हा सोडलेल्या माणसाला गुन्ह्याकडे ओढणारी शक्ति आहे. पण ती दोन ठिकाणांहून येते. गॅलला जुना सोबती ओढतो. आदिनाथाच्या कैद्यांना मात्र प्रतिष्ठित बाजारपेठ ढकलते. हा दुसरा प्रकार अधिक भयंकर म्हणावा लागेल. कारण दारांत आलेला डॉन डोळ्यांना दिसतो, व्यापारी तराजूमागें बसलेला असतो.

बोलपटांत एक उणीवही आहे, व ती झांकण्याचें कारण नाहीं. तेथें सारा भार आदिनाथाच्या नजरेवर टाकला आहे. ती नजर आठवली कीं पळूं पाहणारे पाय थबकतात. पडद्यावर हें परिणामकारक दिसतें. पण एका पुण्यवान अधिकाऱ्याच्या डोळ्यांवर संस्था चालत नाहीं, कारण त्याची बदली होते, तो निवृत्त होतो. खऱ्या स्वतंत्रपुरांत कैद्याची बायको व मुलें त्याच्याबरोबर होतीं. रात्रीं भाकरीला बसलेलें पोर हें कोणत्याही तुरुंगाधिकाऱ्याच्या नजरेहून बळकट असतें. चित्रपटानें कुटुंबाला दुय्यम स्थान दिलें. वसाहतीनें त्याला पाया केलें.

त्याच काळीं सरकारचा दुसरा मार्गही चालू होता. 1871 च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यानें कित्येक जातींतील माणसें जन्मापासूनच गुन्हेगार ठरविलीं. नोंद, हजेरी, गांव सोडण्यास परवाना. कांहींही न केलेल्या माणसास हें सारें भोगावें लागे. ज्यानें गुन्हा केलाच नाहीं त्यालाही जो कायदा गुन्हेगार म्हणतो, तो गुन्हा सोडलेल्याला काय आधार देणार? हा कायदा 1952 सालीं देशभर रद्द झाला. माणसाच्या नांवावर बसलेला शिक्का मात्र कागद फाडल्यानें पुसला जात नाहीं, व नोकरी मागावयास गेलेल्या अशा तरुणास त्याचा अनुभव अजूनही येतो.

भिंतीवांचून तुरुंग ही कल्पना एकट्या औंधाची नव्हे. इंग्लंडांत वेकफील्डजवळ 1936 सालीं असा पहिला खुला तुरुंग निघाला होता. म्हणजे गॅलच्या देशांतही ही वाट ठाऊक होती. संयुक्त राष्ट्रांच्या जिनीव्हा येथील परिषदेनें खुल्या बंदिगृहांचा पुरस्कार केला तो 1955 सालीं. त्यापूर्वीं सोळा वर्षें आटपाडीच्या माळावर कैद्यांच्या हातांत नांगर आला होता. इंग्लंडच्या मागें साम्राज्याचा खजिना होता, तर औंधाच्या मागें दुष्काळी गांवांचा तुटपुंजा वसूल.

औंध संस्थान 1948 सालीं मुंबई प्रांतांत विलीन झालें. दुसऱ्या वर्षीं दक्षिण सातारा जिल्हा निर्माण झाला व 1960 सालीं त्याचें नांव सांगली झालें. राजा गेला, राज्य गेलें, जिल्ह्याचें नांव बदललें. नव्या सरकारनें राजाच्या लहरी म्हणून कित्येक गोष्टी मोडीत काढल्या असत्या तर कोणास आश्चर्य वाटलें नसतें. स्वतंत्रपूर मात्र मोडलें नाहीं. प्रथम मुंबई सरकारनें व पुढें महाराष्ट्राच्या तुरुंग खात्यानें तें चालविलें, आणि तेथील कैदी कुटुंबासह शेतावर राहत आले.