नाद खुळा, पण सही जपून!

वीकेण्डला पुण्याहून घरी गेलो की माझा प्रोग्रॅम ठरलेला असतो. सकाळी कळंबा तलावावर एक चक्कर, मग झणझणीत मिसळ आणि दुपारी मस्त ताणून देणं. या वेळी मात्र झोपेचं पार खोबरं झालं. ताईच्या वरच्या खोलीतून ड्रम्सचा असा दणका सुरू झाला की स्वयंपाकघरातल्या मांडणीवरची भांडी थरथरली.

"तुझ्या भाच्याचा बॅण्ड," ताई म्हणाली. सूर तक्रारीचा, पण चेहऱ्यावर कौतुक!

वर गेलो. चार पोरं, सगळी पंधरा-सोळाची. भिंतींना जुन्या गाद्या टेकवलेल्या. गाणं त्यांनीच लिहिलेलं, तेही मराठीत. क्लास बुडवून रंकाळ्यावर बसलेल्या पोरांचं. गाणाऱ्याचा आवाज अजून फुटतोय, मध्येच चिरकतो. पण गंमत म्हणजे तेच त्या गाण्याला फिट बसतं.

"मामा, कसं वाटलं?"

"नाद खुळा!" मी म्हणालो आणि ते अगदी मनापासून होतं.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. पोरांनी गाण्याचा व्हिडिओ टाकला, तो बराच फिरला, एका कॉलेजच्या फेस्टचं आमंत्रण आलं. पाठोपाठ एका 'मॅनेजर'चा फोन. तीन वर्षांचा करार, सगळ्या गाण्यांचे हक्क त्याच्याकडे आणि सही सोमवारच्या आत! त्यात पोरांचं दहावीचं वर्ष. ताईचं म्हणणं, आधी बोर्ड, मग बॅण्ड. भाच्याचं म्हणणं, तोवर लोक विसरतील. वर त्यानं हुकमाचा एक्का टाकला, "केशवराव भोसल्यांनी 1908 साली 'ललितकलादर्श' काढली तेव्हा ते सतराचेच होते!"

कोल्हापूरच्या पोराला याच्यावर काय बोलणार? पण मी म्हटलं, राजा, केशवराव त्याआधी कितीतरी वर्षं दुसऱ्यांच्या नाटक कंपनीत तयार होत होते. लोकांना कंपनी दिसते, तालीम दिसत नाही.

आता बाकीच्यांचं बघू. मुंबईचा 'रॉक मशीन' सुरू झाला 1984 मध्ये. पहिला अल्बम आला 1988 मध्ये. म्हणजे मधली चार वर्षं! हाच बॅण्ड पुढे 'इंडस क्रीड' म्हणून गाजला. ऑस्ट्रेलियाच्या 'सिल्व्हरचेअर'नं 1994 मध्ये डेमोची स्पर्धा जिंकली तेव्हा ती तीन पोरं जेमतेम चौदा-पंधराची होती. नाव झालं, परदेश दौरे झाले, पण शाळा सुटली नाही आणि दौऱ्यांवर आईवडीलही सोबत असायचे. तरी त्या प्रसिद्धीचा ताण गाणाऱ्या मुलाला भोवलाच. आपण खाण्याच्या विकाराशी झगडलो, हे त्यानं पुढे स्वतःच सांगितलं.

अलीकडचं उदाहरण लॉस एंजेलिसच्या 'द लिंडा लिंडाज' या मुलींच्या बॅण्डचं. 2021 मध्ये त्या तिथल्या एका सार्वजनिक वाचनालयात वाजवत होत्या. सगळ्यांत धाकटी दहा वर्षांची, थोरली सोळाची. तो व्हिडिओ जगभर फिरला, लगेच रेकॉर्ड कंपनीही मिळाली. पण पहिला पूर्ण अल्बम आला तो एप्रिल 2022 मध्ये. सुमारे वर्षभर थांबूनही लोक त्यांना विसरले नाहीत! 2024 मध्ये त्या 'ग्रीन डे'सारख्या बड्या बॅण्डच्या दौऱ्यात वाजवत होत्या.

मग मी माझं स्वतःचं प्रकरण काढलं. पहिल्या नोकरीचा बॉण्ड मी न वाचताच सही केला आणि नको त्या कामात दीड वर्ष अडकून पडलो. तेव्हापासून बारीक अक्षर आधी वाचतो. ऑफिसातल्या तुम्हा मंडळींना हे वेगळं सांगायला नको.

तर पोरांना सांगितलेला फंडा असा. आपल्याकडे 1872 च्या करार कायद्यानुसार अठराच्या आतल्यांना करार करता येत नाही. त्यांनी केलेला करार मुळातच रद्दबातल, हे 1903 मध्ये प्रिव्ही कौन्सिलनं स्पष्ट केलं. म्हणून तर असल्या कागदांवर पालकांची सही मागतात. म्हणजे पेन ताईच्या हातात! दुसरं, गाणं लिहिलं की कॉपीराइट लिहिणाऱ्याचाच, त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. तिसरं, हक्क द्यायचेच तर कुठले, किती वर्षांसाठी, कुठल्या प्रदेशापुरते आणि किती पैशांत, हे कागदावर हवं. मुदत लिहिलीच नसेल तर कायदा ती 5 वर्षं धरतो. आणि चौथं, सगळ्यांत सोपं. सोमवारपर्यंतच सही हवी म्हणणाऱ्याला मंगळवारी भेटावं.

भाचा गप्प बसला. मग हळूच म्हणाला, "पण फेस्टला वाजवू की नको?"

मी ताईकडे बघितलं. तिनं आधी सराव परीक्षेची तारीख विचारली, मग फेस्टची. "वाजवा. पण घरी रात्री दहाच्या आत. आणि रोज तासभर गणित."

सोमवारी मी पुन्हा पुण्यात, ऑफिसच्या बसमध्ये. भाच्याचा मेसेज आला, 'मामा, त्याला म्हटलं कराराचा मसुदा पाठवा, वकिलाला दाखवतो. त्यानं फोनच ठेवला.'

थोड्या वेळानं दुसरा आला. 'नवीन गाणं सुचलंय. आधी गणित करतो.'