रिग आणि संगणक : एका साध्या जोडणीचा मागोवा

हौशी रेडिओवरच्या डिजिटल मोडचा इतिहास सांगताना आपण बहुधा नावे आणि साले सांगतो : आधी आरटीटीवाय, मग पॅकेट, मग पीएसके-३१, आता एफटी-८. ही यादी खरी आहे, पण तिच्यातून उभा राहणारा मुख्य प्रश्न ती तसाच सोडून देते. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पन्नास वर्षांत हौशींच्या वापरात रुळलेले डिजिटल मोड हाताच्या बोटांवर मोजता येतात. १९९८ नंतरच्या वीस वर्षांत ते डझनांनी आले. त्यांतले कित्येक एकट्यादुकट्या माणसाने फावल्या वेळात रचलेले होते आणि काही आठवड्यांत जगभर पसरले. असे का झाले? संगणक वेगवान झाले, हे उत्तर लगेच सुचते, पण ते पुरेसे नाही. माझ्या मते खरे कारण रिग आणि संगणक यांच्यातल्या जोडणीत आहे. ही जोडणी जेव्हा अवजड किंवा बंद होती, तेव्हा मोड थोडे राहिले. ती साधी आणि खुली झाली, तेव्हा मोडना बहर आला. गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांकडे या नजरेने पाहिले, तर पुढे काय जपायला हवे तेही कळते.

सुरुवात टेलिप्रिंटरपासून झाली. युद्धानंतर अमेरिकेत सैन्याने आणि तार कंपन्यांनी मोडीत काढलेली यंत्रे हौशींच्या हाती लागली. अक्षरामागे पाच बिटांचा बॉडो संकेत, मिनिटाला ६० शब्द, म्हणजे ४५.४५ बॉड, हा त्यांचा वेग. रिग आणि यंत्र यांच्यामध्ये ‘टर्मिनल युनिट’ नावाची पेटी असे. रिसीव्हरमधून येणारे दोन सूर वेगळे करायचे आणि त्यांनुसार टेलिप्रिंटरच्या विद्युतचुंबकाचा प्रवाह चालू-बंद करायचा, हे तिचे काम. या व्यवस्थेत मोड म्हणजे यंत्रच. वेग मोटारीच्या दातेरी चाकांनी ठरवलेला आणि अक्षरसंच टंकखिळ्यांनी. वेग बदलायचा तर चाके बदलावी लागत. कायदाही याच चौकटीत बसवलेला होता : अमेरिकेतल्या हौशींना ॲस्की संकेत वापरण्याची परवानगी मिळाली ती १९८० मध्ये. आरटीटीवाय इतकी दशके टिकला यात त्याच्या गुणांचा वाटा आहेच. पण त्याच्या जागी दुसरे काही आणायचे तर नवे यंत्रच घडवावे लागले असते आणि ते कोणा एकट्या हौशीच्या आवाक्यात नव्हते, हेही तितकेच खरे.

दुसरा टप्पा टीएनसीचा, म्हणजे टर्मिनल नोड कंट्रोलरचा. १९७८ मध्ये माँट्रियलच्या हौशींनी पॅकेटचे पहिले प्रयोग केले, व्हँकूव्हरच्या गटाने ते पुढे नेले आणि ॲरिझोनातल्या टूसाँ शहरात जमलेल्या ‘टॅपर’ या संस्थेने टीएनसीचे किट घरोघरी पोचवले. १९८४ मध्ये एएक्स.२५ हा प्रोटोकॉल प्रसिद्ध झाला. निरोपाचे तुकडे करणे, पोचले की नाही ते तपासणे, न पोचलेला तुकडा पुन्हा पाठवणे, ही सगळी शिस्त त्याने हौशी रेडिओत रुजवली. मात्र या रचनेत संगणकाचे काम होते फक्त टंकण्याचे आणि पडद्यावर वाचण्याचे. संकेत सुरांत बदलणे आणि सुरांतून परत काढणे हे सारे पेटीच्या आत, मेमरी चिपमध्ये बंदिस्त होते. नवा मोड हवा तर चिप बदला किंवा नवी पेटी घ्या. १९९१ मध्ये दोघा जर्मन हौशींनी पॅक्टर आणला. गोंगाटातही निरोप अचूक पोचवणारी ती मोठी झेप होती. पण त्याच्या पुढच्या आवृत्त्या एकाच कंपनीच्या महागड्या मोडेमपुरत्या राहिल्या. पेटी जितकी हुशार, तितका तिच्या मालकावर विसंबून राहण्याचा भाग मोठा, ही त्या काळाची शिकवण.

वळण आले ते १९९८ च्या अखेरीस. इंग्लंडचे पीटर मार्टिनेझ, कॉलसाइन जी३पीएलएक्स, यांनी पीएसके-३१ आधी एका डीएसपी बोर्डावर चालवून दाखवला होता. पोलंडच्या पावेल यालोखा यांच्या प्रयोगांवर आधारलेला हा मोड सेकंदाला ३१.२५ चिन्हे पाठवतो. हा आकडा ८,००० नमुन्यांना २५६ ने भागून आलेला आहे. संकेताची रुंदी जेमतेम ६० हर्ट्झ, म्हणजे एका माणसाच्या बोलण्याला लागणाऱ्या पट्ट्यात डझनभर संभाषणे मावतील इतकी. बोर्डावर असेपर्यंत तो मोजक्या प्रयोगकर्त्यांपुरता होता. मार्टिनेझ यांनी तोच मोड घरगुती संगणकाच्या साउंड कार्डवर चालेल असा करून विनामूल्य दिला आणि काही महिन्यांत तो सगळ्या बँडवर ऐकू येऊ लागला. यामागची कल्पना अगदी सरळ होती. एसएसबी रिग मायक्रोफोनमधला सूर उचलून रेडिओ वारंवारतेवर नेऊन ठेवते. तो सूर माणसाच्या घशातून आला की संगणकाच्या गणितातून, हे तिला कळत नाही आणि कळण्याची गरजही नाही. म्हणून जोडणीला तीनच गोष्टी लागतात : रिगमधून संगणकाकडे येणारा आवाज, संगणकातून रिगकडे जाणारा आवाज आणि प्रक्षेपण चालू-बंद करणारा पीटीटीचा इशारा. दोन्ही यंत्रांच्या ग्राउंडमधून फिरणाऱ्या प्रवाहामुळे घरघर येऊ नये म्हणून एकास-एक वेढ्यांचे दोन छोटे ट्रान्सफॉर्मर, पीटीटीसाठी एक ऑप्टोकपलर आणि पातळी उतरवायला चार-दोन रेझिस्टर, एवढ्यात काम भागते. असे ट्रान्सफॉर्मर टाकून दिलेल्या डायल-अप मोडेम कार्डातही सापडत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत जाऊ शकणाऱ्या कोणालाही ही जोडणी एका संध्याकाळी बांधता येई.

यानंतर मोड म्हणजे यंत्र हे समीकरण मोडले. मोड म्हणजे उतरवून घेण्याजोगा प्रोग्राम झाला. २००० मध्ये न्यूझीलंड आणि इटलीतल्या दोघांनी मिळून एमएफएसके-१६ दिला, त्यानंतर यालोखांचा ऑलिव्हिया आला, आरटीटीवायसुद्धा टेलिप्रिंटर सोडून साउंड कार्डवर नव्याने जगू लागला. २००१ मध्ये जो टेलर यांनी डब्ल्यूएसजेटी हा कार्यक्रमसंच आणला. हे तेच प्रिन्स्टनचे खगोलशास्त्रज्ञ, ज्यांना जोडपल्सारच्या शोधासाठी १९९३ चे भौतिकशास्त्राचे नोबेल रसेल हल्स यांच्यासह मिळाले. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटीच्या ३० मोठ्या अँटेना पल्सारचे जे क्षीण ठोके गोंगाटातून वेचतात, त्याच जातीची दृष्टी टेलर यांनी हौशींच्या संकेतांना लावली : काय शोधायचे आहे त्याचा साचा आधीच ठाऊक असेल, तर ते गोंगाटाखालूनही काढता येते. २०१७ मध्ये स्टीव्ह फ्रँके यांच्यासह त्यांनी एफटी-८ दिला. त्याचा एक निरोप ७७ बिटांचा; त्याला चुका दुरुस्त करणाऱ्या बिटांची जोड देऊन तो १२.६४ सेकंदांत पाठवला जातो आणि दर १५ सेकंदांनी पाळी बदलते. अडीच किलोहर्ट्झमधल्या गोंगाटाच्या शंभराव्या हिश्श्याइतका क्षीण संकेतही तो वाचतो. या साऱ्या प्रवासात सर्वांत बोलका पुरावा मला हा वाटतो : १९८० च्या दशकातली, वारंवारता स्थिर ठेवणारी रिग तीस वर्षांनंतर जन्मलेला मोड झाकण न उघडता चालवू शकली. हैदराबादच्या अशर फरहान यांनी स्वस्त सुट्या भागांत बांधता येईल अशी बिटएक्स रिग २००३ मध्ये मांडली, तिच्या वंशातल्या रिगवरही एफटी-८ चालतो. जोडणी साधी नसती तर हे शक्य नव्हते.

यावर पहिला आक्षेप येईल की श्रेय जोडणीचे नाही, प्रोसेसरच्या ताकदीचे आहे. ताकद हवीच होती, हे मान्य. पण ताकद तर डीएसपी बोर्डातही होती आणि पॅक्टरच्या मोडेममध्येही होती. पीएसके-३१ ची गोष्ट म्हणूनच निर्णायक ठरते : तोच मोड, तोच निर्माता, तेच गणित, फरक फक्त दाराचा. एक दार मोजक्यांसाठी उघडत होते, दुसरे प्रत्येकाच्या टेबलावर आधीच उघडे होते. डिजिटल आवाजाच्या बाबतीतही हेच दिसते. डी-स्टारमधला आवाज दाबणारा कोडेक एका कंपनीच्या पेटंटखालच्या चिपमध्ये असल्याने त्यावर सुधारणा करणे हौशींच्या हातात नव्हते. ऑस्ट्रेलियाच्या डेव्हिड रो यांनी खुला कोडेक-२ लिहिला आणि तो फ्रीडीव्हीच्या रूपाने पुन्हा त्याच आवाजाच्या तारांवरून साध्या एसएसबी रिगपर्यंत पोचला.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ही आवाजाची जोडणी बँड घाण करते, असे जुने जाणकार म्हणतात, आणि त्यांचे म्हणणे निराधार नाही. संगणकाचा आवाज जास्त ठेवला की रिगचे एएलसी, म्हणजे पातळी आपोआप रोखणारी यंत्रणा, त्याला दाबू पाहते, सूर विकृत होतो आणि ६० हर्ट्झचा संकेत शेजारच्या दहा जणांच्या संभाषणांवर सांडतो. ईमेल आल्याची घंटासुद्धा प्रक्षेपित होऊ शकते. टीएनसीच्या बंद पेटीत हे धोके कमी होते. पण या दोषांवरचा उपाय बंद पेटी नाही, जाण आहे. पातळी एएलसी हलणार नाही इतकी खाली आणावी, रिगसाठी वेगळे साउंड कार्ड ठेवावे, स्पीच प्रोसेसर बंद करावा, ही शिस्त शिकायला अर्धा तास पुरतो. पुढे उत्पादकांनीही मदत केली. २०१० च्या टीएस-५९०एस मध्ये आणि २०१६ च्या आयसी-७३०० मध्ये साउंड कार्ड रिगच्या आतच आले आणि एका यूएसबी केबलवर काम आले. याला कोणी जुन्या जोडणीचा अंत म्हणेल. मी तिचा विजय म्हणेन. कारण त्या एका केबलमध्ये तीच तीन कामे चालतात : येणारा आवाज, जाणारा आवाज आणि पीटीटीसकट रिगला हुकूम देणारी सीरियल वाट. संगणकाला ती प्रमाणित साउंड कार्ड म्हणूनच दिसते, तिचे हुकूम पुस्तिकेत छापलेले असतात, आणि २००० पासून हॅमलिबसारखा खुला संग्रह नाना कंपन्यांच्या रिगना एकाच भाषेत बोलायला लावतो. सोय वाढली आणि खुलेपणाही टिकला, म्हणून तर डब्ल्यूएसजेटीची पुढची आवृत्ती डब्ल्यूएसजेटी-एक्स तिच्यावर सहज चालते.

तिसरा आक्षेप मनाला लागणारा आहे : एफटी-८ मध्ये माणूस कुठे आहे? कॉलसाइन, ठिकाण सांगणारा ग्रिड, संकेताची ताकद आणि शेवटी निरोप घेणे; बाकी सारे संगणकच करतो. ज्याला रात्री उशिरापर्यंत दूरच्या माणसाशी गप्पा हव्यात, त्याला यात समाधान मिळणार नाही, हे मी मानतो. पण दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतील. एक, मुंबईच्या सोसायटीत गच्चीवर अँटेना लावायला मिळत नाही, एलईडी दिव्यांचा आणि चार्जरचा गोंगाट चोहोबाजूंनी आहे, अशा माणसाला बाल्कनीतल्या तारेवर थोड्या वॅटमध्ये दुसऱ्या खंडापर्यंत पोचवणारा हा मोड आहे. त्याला बाहेर ठेवून हौशी रेडिओ अधिक माणुसकीचा होणार नाही. दुसरे, हे लहान निरोप वाया जात नाहीत. जगभरच्या स्थानकांनी कोणाला कधी ऐकले याच्या नोंदी आपोआप जमतात आणि आयनोस्फिअरच्या अभ्यासकांना उपयोगी पडतात. २१ ऑगस्ट २०१७ च्या अमेरिकेतल्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी हॅमसाय या गटाने हौशींना अशाच निरीक्षणासाठी एकत्र आणले होते. आणि ज्यांना गप्पाच हव्या होत्या त्यांचे काय झाले? एफटी-८ चा कोड खुला असल्याने त्याच्याच पायावर २०१८ मध्ये जेएस८कॉल उभा राहिला, ज्यात मोकळी वाक्ये टंकता येतात. तक्रार करणाऱ्याच्या हाती दुरुस्तीचे साधनही असावे, हा गुण बंद पेटीत कधीच नव्हता.

या मागोव्यातून पुढे काय करावे तेही निघते. जोडणी आता केबलच्या आत दिसेनाशी झाली आहे, आणि जे दिसत नाही ते कोणी काढून घेतले तरी पटकन कळत नाही. उद्या एखादी रिग फक्त कंपनीच्याच ॲपशी बोलेल, तिचे हुकूम छापले जाणार नाहीत, तिचा आवाज प्रमाणित साउंड कार्डासारखा बाहेर येणार नाही. तेव्हा नवा मोड रचणाऱ्या एकट्या माणसासाठी पन्नास वर्षांपूर्वीची भिंत पुन्हा उभी राहील. रिग घेताना वॅट आणि पडद्याचा आकार विचारतो तसे हेही विचारायला हवे : आवाज आत-बाहेर नेण्याची वाट खुली आहे का, हुकमांची यादी मिळते का, हॅमलिब तिला ओळखते का. आपल्याकडच्या क्लबांनी परीक्षेची तयारी करून घेताना प्रत्येक नव्या हॅमकडून दोन ट्रान्सफॉर्मरची ती जोडणी एकदा तरी बांधून घ्यावी. यूएसबी केबलमध्ये काय चालते ते त्याशिवाय नीट उमगत नाही. १९९३ ला किल्लारीच्या आणि २००१ ला भूजच्या भूकंपात हौशी रेडिओचालकांनी निरोप पोचवले. तसा प्रसंग पुन्हा आला तर समोर येईल ती रिग आणि मिळेल तो लॅपटॉप जोडून काम सुरू करता आले पाहिजे. खुली जोडणी ही केवळ तंत्राची सोय नाही. हौशी रेडिओ हौशींच्या हातात ठेवणारी ती अट आहे, आणि ती उत्पादकांकडून आग्रहाने मागून घेणे हे आपलेच काम आहे.