अपघातानंतरचीं वर्षें

मोटारबसच्या अपघाताची बातमी वर्तमानपत्रांत एकच दिवस जगते. किती दगावले, किती जखमी झाले, एवढें सांगून ती संपते. दगावलेल्यांची मोजदाद तेथें पुरी होते. परंतु 'जखमी' या शब्दाचा अर्थ कळावयास पुढें कित्येक वर्षें लागतात. त्या वर्षांविषयीं आज बोलावयाचें आहे. मी पेशानें शाळामास्तर, वैद्य नव्हें. तेव्हां वर्गांत जसे उदाहरणावरून नियमाकडे जातों, तसेच येथेंही जाऊं.

उदाहरण मेक्सिको शहरांतील आहे. १७ सप्टेंबर १९२५ रोजीं तेथें एका बसची विजेच्या ट्रामगाडीशीं टक्कर झाली. बसमध्यें फ्रीदा कालो नांवाची १८ वर्षांची विद्यार्थिनी होती. पुढें डॉक्टर व्हावें ही तिची आकांक्षा. तिचा पाठीचा कणा, कमरेचें हाड, बरगड्या आणि उजवा पाय मोडला. बसमधील लोखंडी कठड्याची कांब तिच्या ओटीपोटांत घुसली. सुमारें महिन्यानें ती रुग्णालयांतून घरीं आली आणि कांहीं महिन्यांनीं हिंडूंफिरूंही लागली. लोकांच्या हिशेबीं ती बरी झाली होती. परंतु पुढच्याच वर्षीं पाठीनें पुन्हां उचल खाल्ली, आणि कण्याचे मणके जागचे सरकले असल्याचें आढळलें. मग प्लास्टरच्या आणि पोलादी पट्ट्यांच्या आवरणांत धड जखडून घेणें तिच्या नशिबीं आलें. १९४६ सालीं न्यूयॉर्क येथें कण्यावर मोठी शस्त्रक्रिया झाली. १९५० सालचा बराच काळ रुग्णालयांत गेला. १९५३ सालीं उजवा पाय गुडघ्याखालीं कापावा लागला. १९५४ सालीं, वयाच्या ४७व्या वर्षीं, ती निवर्तली.

बालपणींच्या पोलिओनें तिचा उजवा पाय आधींच अशक्त झाला होता. तेव्हां पुढील सारें दुःख त्या एका धडकेच्याच माथीं मारतां येणार नाहीं. पण इजेचा स्वभावच असा कीं, शरीरांतील जुनें वैगुण्य ती नेमकें हुडकून काढते.

आतां असें कां होतें तें पाहूं. मोडलेलें हाड बहुधा कांहीं आठवड्यांत किंवा महिन्यांत जुळतें. परंतु सांध्यांत हाडांच्या टोकांवर कूर्चेचें गुळगुळीत अस्तर असतें. त्यांत रक्तवाहिन्या नसल्यामुळें तें फाटलें तर नीट सांधत नाहीं. खडबडीत पृष्ठभाग एकमेकांवर घासत राहतात आणि पुष्कळ वर्षांनीं त्या सांध्यांत संधिवात उभा राहतो. हातापायांतील दुखावलेली नस वाढलीच तर दिवसाला सुमारें एक मिलिमीटर वाढते. कण्यांतील मज्जारज्जू तुटला तर तो पुन्हां जोडला जात नाहीं. अंथरुणावर पडून स्नायू झिजतात, तें निराळेंच.

वेदनेची गोष्ट याहून चमत्कारिक आहे. ती महिनोन्महिने टिकली कीं मज्जासंस्थाच अतिसंवेदनशील बनते. चोर निघून गेल्यावरही पहारेकरी ओरडत राहावा, तशी ती जखम भरल्यावरही ठणकत राहते. क्ष-किरणांच्या चित्रांत कांहीं दिसत नाहीं, तरी वेदना खरीच असते. डोक्यास मार बसलेला मनुष्य पुढें विसराळू व चिडखोर होऊं शकतो. ब्रेकचा कर्कश आवाज ऐकून दचकणें, रात्रीं झोप न लागणें, बसची पायरी चढतांना घाम फुटणें, हे मनाचे व्रण होत. अशा आघातोत्तर विकारास मानसवैद्यकांत १९८० सालीं स्वतंत्र नांव मिळालें.

आणि नेमक्या याच वेळीं आपण घरांतलीं माणसें विचारतों, "हाड जुळलें ना? मग अजून कण्हतोस कां?" दुखणें सोसतां येतें; पण आपलें दुखणें कोणास खरें वाटत नाहीं, हें सोसणें कठीण. वरून बरा दिसणारा मनुष्य आंतून बरा असतोच असें नाहीं, आणि मोडलेल्या अवयवावरून त्याच्या हानीचें माप काढतां येत नाहीं. आपल्या सर्वोच्च न्यायालयानें २०१० सालच्या एका निकालांत नुकसानभरपाईच्या संदर्भांत असाच भेद स्पष्ट केला: अवयव किती टक्के निकामी झाला हें एक, आणि माणसाची कमावण्याची शक्ति किती गेली हें दुसरें. डावा हात गेलेल्या सुताराचा धंदाच बुडतो. कारकुनाची नोकरी कदाचित् टिकते.

म्हणून पट्टी सुटली म्हणजे उपचार संपले असें मानूं नये. सांगितलेला व्यायाम कंटाळा न करतां चालूं ठेवावा, ठरल्या वेळीं पुन्हां तपासून घ्यावें, क्ष-किरणांचीं चित्रें व कागद जपून ठेवावे. आणि रुग्णाच्या शब्दावर विश्वास ठेवावा, हें औषध तर घरांतच आहे. फ्रीदा बिछान्यास खिळली असतां तिच्या आईनें निजूनच चित्र काढतां येईल अशी चौकट सुताराकडून करवून घेतली. वर आरसा बसविला. रंग वडिलांचे होते. डॉक्टर होण्याचें तिचें स्वप्न मोडलें. पण त्या आरशांत पाहून ती स्वतःचीं चित्रें काढूं लागली, आणि आज सारें जग तिला चित्रकर्ती म्हणून ओळखतें. तिचा कणा त्या घरच्यांना सांधतां आला नाहीं. हातीं काम मात्र देतां आलें, आणि तेवढें कोणत्याही घरास करतां येण्यासारखें आहे.